प्रभाग क्रमांक सात, इटली

करंजसावळी नगरपरिषदेचा प्रभाग क्रमांक सात गेल्या फेब्रुवारीपासून इटलीत आहे. प्रभाग हललेला नाही. कासार गल्ली, पिठाची गिरणी, शाळा क्रमांक चार, सगळं जागच्या जागी आहे. फक्त नव्या प्रभागरचनेत तो काझालबेर्ता नावाच्या इटालियन गावाला जोडला गेला आणि रचना अंतिम झाली.

हे कसं झालं, असं आता जो तो विचारतो. तेव्हा विचारायला हवं होतं. प्रारूप रचना नगरपरिषदेच्या फलकावर आठ दिवस लावलेली होती. फलकाच्या काचेला कुलूप होतं आणि काचेवर अग्निशमन सप्ताहाचं पत्रक चिकटवलेलं होतं, हेही खरं. पण हरकती व सूचना रीतसर मागवल्या होत्या. एकच हरकत आली, प्रभाग तीनमधून: ‘गवळीवाडा’ हा शब्द ‘गवलीवाडा’ असा छापला आहे. ती मान्य झाली.

मुख्याधिकारी विहंग सोनटक्के यांना मी गाठलं.

“साहेब, अख्खा प्रभाग इटलीत गेलाय.”

“हरकत आली होती का?”

“नाही.”

“मग हरकत नाही,” ते म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला.

मोठ्या शहरांतल्या दैनिकांनी मी पाठवलेली ही बातमी घेतली नाही. एकाच्या उपसंपादकाने फोनवर सांगितलं, परदेशाची बातमी दिल्लीहून येते. प्रभाग सात त्याच्या कार्यालयापासून बसने अडीच तासांवर आहे.

मे महिन्यात इटलीत नगरपालिकांच्या निवडणुका लागल्या. काझालबेर्तात दोन पक्ष. एक ‘एकत्र काझालबेर्ता’, आणि दुसरा त्यातूनच फुटलेला ‘काझालबेर्ता एकत्र’. आमच्या मतदारांना हे समजावून सांगावं लागलं नाही. तिसरा अर्ज प्रभाग सातमधून आला, अपक्ष चंद्रभागा त्र्यंबक वाघचौरे यांचा. गल्ली त्यांना चंद्रामावशी म्हणते.

मावशींचा मुद्दा एकच होता. कासार गल्ली चार फूट रुंद. मावशींच्या दारापुढे, गल्लीच्या बरोबर मध्ये, तीन फुटी चेंबर, आणि त्यावर अकरा वर्षं झाकण नाही. पहिल्याच वर्षी त्यांचे यजमान, एसटीचे निवृत्त कंडक्टर त्र्यंबकराव, त्यात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण झाकण बसल्याशिवाय उंबरठा ओलांडणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं आणि पाळलं. त्याआधी ते रोज सकाळी चौकात जाऊन उभ्याने पेपर वाचायचे. नगरपरिषदेने अकरा वर्षांत प्रत्येक अर्जाला एकच उत्तर दिलं आहे: झाकण मंजूर आहे.

“इथं मंजूर होतं, तिथं मिळतं का बघू,” मावशी म्हणाल्या आणि उभ्या राहिल्या.

इटलीहून निवडणुकीसाठी तिथल्या पालिकेचे सचिव आले. फेरुच्चो बार्तोली, शिडशिडीत, कानावर पेन. त्यांना मराठी येत होतं. मात्र ते त्यांनी आमच्या नगरपरिषदेच्या अधिसूचना वाचून शिकलेलं होतं.

“आपणांस कळविण्यात येते की, मला तहान लागलेली आहे,” मावशींच्या दारात उभं राहून ते म्हणाले.

“मग आत या की. चहा टाकू का?”

“चहाबाबत हरकत नाही,” बार्तोली म्हणाले आणि तसं वहीत लिहून घेतलं. कोणीही ‘हरकत नाही’ म्हटलं की ते तारीख घालून लिहायचे. त्यांच्या समजुतीप्रमाणे त्यानंतर तो विषय अंतिम होत असे. ही समजूत त्यांची एकट्याची नव्हती, हे वर आलंच आहे.

इटलीत उमेदवाराचं चिन्ह वर्तुळातच असावं लागतं. मावशींनी झाकण हे चिन्ह मागितलं. ते आधीच गोल होतं, म्हणून लगेच मिळालं.

मतदान शाळा क्रमांक चारमध्ये, इटलीच्या घड्याळाप्रमाणे, म्हणजे आपल्या साडेदहाला सुरू झालं. शिक्का नाही, यंत्र नाही, पेन्सिलीने फुली मारायची आणि पेन्सिल परत करायची. बोटाला शाई नाही म्हटल्यावर रांगेत गोंधळ झाला.

“शाई न्हाई तर मत दिलं कशावरनं?” गिरणीवाले हणमंत तांबट यांनी विचारलं.

“आपण मत दिल्याची नोंद यादीत घेण्यात आलेली आहे.”

“यादी घरी दाखवू का?”

शेवटी बार्तोलींनी स्वतःच्या पेनने प्रत्येकाच्या बोटावर एक टिंब काढलं. तिकडे काझालबेर्तातही मग टिंबाची मागणी झाली.

पहिल्या फेरीचा निकाल असा: ‘एकत्र काझालबेर्ता’चे विद्यमान नगराध्यक्ष आदेल्मो त्रिकारिको, १,४०२ मतं. चंद्रभागा वाघचौरे, १,४०२. ‘काझालबेर्ता एकत्र’, ३११. पंधरा दिवसांनी दोघांत दुसरी फेरी झाली. ‘काझालबेर्ता एकत्र’च्या ३११ जणांपैकी ३७ घरी बसले आणि उरलेले बरोबर निम्मे निम्मे फुटले. दोन्ही उमेदवारांना १,५३९. पक्षाने याला शिस्तबद्ध मतदान म्हटलं.

दुसऱ्या फेरीतही बरोबरी झाली, तर वयाने मोठा उमेदवार निवडून येतो, असा तिथला कायदा. बार्तोली कागद घेऊन मावशींकडे आले. दारात निम्मी गल्ली जमली होती. त्रिकारिको फोनवर होते.

“त्रिकारिको यांचा जन्मदिनांक दोन जून एकोणीसशे बावन्न. आपला, शाळेच्या दाखल्यानुसार, एक जून एकोणीसशे बावन्न.”

गल्लीने टाळ्या वाजवल्या. बार्तोलींनी हात वर केला.

“तथापि, या प्रभागात साठ वर्षांवरील एकशे ब्याऐंशी मतदार आहेत. पैकी एकशे एकोणऐंशी जणांचा जन्म एक जून रोजी झालेला आहे. त्या दिनांकी येथे काय घडले होते?”

“काही नाही. शाळा भरायची त्या सुमारास,” मावशी म्हणाल्या. “नाव घालायला गेलं की कुळकर्णी मास्तर विचारायचे, जन्म कधीचा? आई सांगायची, पोळ्याच्या आदल्या दिवशीचा. मास्तर लिहायचे, एक जून.”

“पोळा कोणत्या महिन्यात असतो?”

पोळा श्रावण अमावास्येला असतो, म्हणजे जूननंतर, आणि मग मावशी वयाने लहान ठरत होत्या. आतून, कॉटवरून, त्र्यंबकराव ओरडले, “अगं, सांगू नको!”

“सांगितलं तर काय होतं?” मावशी म्हणाल्या. “श्रावणात असतो.”

बार्तोलींनी फोनवर इटालियनमध्ये बराच वेळ बोलून विचारलं, त्रिकारिको यांना एक जूनबाबत हरकत आहे काय. त्रिकारिकोंनी उत्तर दिलं. ते बार्तोलींनी वहीत उतरवून सर्वांसाठी मराठीत वाचून दाखवलं.

“दोन जून हा आमच्या प्रजासत्ताकाचा दिवस आहे. त्रिकारिको यांचे वडील देशभक्त होते. त्यांनी मुलाचा जन्म त्या दिनांकी नोंदविला. खरा जन्म द्राक्षांच्या तोडणीच्या वेळचा, म्हणजे सप्टेंबरचा आहे. सबब, कागदपत्रांच्या खोलात जाण्याची त्यांची इच्छा नाही. हरकत नाही.”

“बापानं पोराची तारीख ढकललीय की,” तांबट म्हणाले. “आपल्यातलाच आहे की हो.”

अशा प्रकारे, पंचवीस वर्षांपूर्वी वारलेल्या कुळकर्णी मास्तरांमुळे, चंद्रभागा वाघचौरे एका दिवसाने मोठ्या ठरल्या आणि काझालबेर्ताच्या नगराध्यक्ष झाल्या. त्यानंतरच्या प्रांताच्या निवडणुकीत मतदान फक्त नगराध्यक्ष आणि नगरसेवक करतात. सहलीची बस कधी येणार, असं मावशींनी विचारलं. तिथे बस नसते, असं कळल्यावर त्यांनी मत टपालाने पाठवलं. निकालानंतर उजव्या आघाडीने जिंकल्याचं सांगितलं, डाव्या आघाडीने हरलो नसल्याचं, आणि दोघांनीही मावशींना आपल्यात मोजलं.

मावशींच्या कारभाराचा पहिला ठराव झाकणाचा. तो मंजूर झाला आणि, पुढचं मला दोनदा तपासावं लागलं, चोवीस दिवसांत झाकण आलं. बिडाचं, जाड, वर काझालबेर्ताची मुद्रा. बसवायला बार्तोली स्वतः आले. पेटी उघडली तर आत अर्धचंद्र.

“उरलेलं कुठाय?” मावशींनी विचारलं.

बार्तोलींनी अधिसूचना उघडली. “प्रभाग सातची पूर्व सीमा: कासार गल्लीच्या मध्यातून. गल्लीची ही बाजू इटलीत आहे. ती बाजू प्रभाग सहामध्ये, करंजसावळी नगरपरिषदेत. परक्या हद्दीत झाकण ठेवण्याचा आम्हांस अधिकार नाही.”

सोनटक्के साहेबांना बोलावलं. ते चेंबरच्या पलीकडे, आपल्या हद्दीत उभे राहिले.

“त्यांनी त्यांचं अर्धं आणलं. तुमचं अर्धं कधी?” मी विचारलं.

“मंजूर आहे,” ते म्हणाले.

अर्धं झाकण बसवलं. चौकाकडे तोंड केलं की डावी बाजू बंद, उजवी बाजू काळीभोर उघडी. तेवढ्यात दाराशी काठी वाजली. त्र्यंबकराव उंबरठ्यावर उभे होते, इस्त्रीचा सदरा, पायांत चपला. त्या चपला अकरा वर्षांपूर्वी घेतलेल्या आणि कोऱ्या होत्या.

“अहो, थांबा जरा,” मावशी म्हणाल्या. “मी भांडते यांच्याशी. उरलेलं घेतल्याबिगर सोडत नाही.”

बार्तोली वही घेऊन पुढे झाले. “बाधित व्यक्ती आपणच. प्रस्तुत झाकणाबाबत आपली काही हरकत वा सूचना?”

“अहो, बोलू नका! लिहून घेतोय तो!”

त्र्यंबकरावांनी काठीने बीड ठोकून पाहिलं. ते वाजलं, हललं नाही. चौकाच्या टोकाला पेपरवाल्याची दोरी दिसत होती, आणि तिच्यावर चिमटे लावलेले पेपर.

“हरकत नाही,” ते म्हणाले आणि इटलीवर पाय ठेवून चौकाकडे गेले.

बार्तोलींनी तारीख घातली. सोनटक्के साहेबांनीही ती उतरवून घेतली. झाकण अंतिम झालं.

त्र्यंबकराव आता रोज सकाळी चौकात उभ्याने पेपर वाचतात. जाताना डावीकडून जातात, येताना उजवीकडून येतात.