तात्यांचा बारका ट्रॅक्टर

गवत कापायला फेटा बांधून निघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे शेजारी तात्या. नुसता फेटा नव्हे, गुलाबी फेटा. अंगात काळा बंद गळ्याचा कोट, खाली पांढरंशुभ्र धोतर आणि पायांत करकर वाजणारी चप्पल. या थाटात ते आपल्या नव्या ट्रॅक्टरवर चढले की वरात निघाल्यासारखं वाटायचं. फक्त घोड्याच्या जागी लाल रंगाचं, रेडकाएवढं एक मशीन असायचं.

तात्यांनी उभी हयात गुळाच्या अडतीत काढली होती. सौद्यात ओरडून ओरडून आवाज असा तयार झाला होता की, त्यांनी घरात "चहा टाक गं" म्हटलं की इकडे आमच्या स्वयंपाकघरात शैला, म्हणजे माझी बायको, गॅस पेटवायची. कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतली भाड्याची खोली सोडून आम्ही गावाबाहेरच्या या कॉलनीत राहायला आलो, तेव्हा पहिल्या दिवशी भिंतीवरून त्यांचं डोकं वर आलं होतं.

"काय करता म्हणायचं?"

"शाळेत ड्रॉइंग शिकवतो."

"म्हंजे मास्तर. चित्रं काढतायसा. बरं हाय. कुणाला तरास न्हाय."

तात्यांच्या घरापुढे माळाचा भला मोठा तुकडा होता. मधोमध एक लिंबाचं झाड, बाकी सगळं गवत. बिल्डर येऊन चहा पिऊन रिकाम्या हाताने परत जायचे. "मालकिणीला खिडकीतनं हिरवं दिसाय पायजे," तात्या म्हणायचे, "विषय संपला." मालकीण म्हणजे काकू. बारीक अंगाच्या, हसऱ्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. तात्या ओरडायचे, काकू हसायच्या, असा त्यांचा संसार होता.

पूर्वी ते गवत कापायला बायका विळे घेऊन यायच्या. पुढं कुणी येईना. तेव्हा जयसिंगपूरच्या एका ओळखीच्या यंत्रवाल्याने तात्यांच्या डोक्यात हे बसून गवत कापायचं खूळ भरवलं. दोन हजार सालानंतरची गोष्ट. एक दिवस टेम्पोतून लाकडी खोकं उतरलं आणि त्यातून तो ट्रॅक्टर निघाला. पोटाखाली पाती, पुढे दोन दिवे, वर काळी गुबगुबीत सीट. अख्खी कॉलनी बघायला जमली. काकूंनी कुंकू लावलं, नारळ फोडला, लिंबू-मिरची बांधली.

"तात्या," दूधवाला म्हणाला, "दोन म्हशी सोडल्या असत्या तर गवत बी कापलं असतं, दूध बी मिळालं असतं."

"म्हशीला रिव्हर्स गिअर हाय का?" तात्यांनी विचारलं.

पहिल्याच फेरीत त्यांनी काकूंची शेवंती आणि पाण्याचा पाइप कापला. दुसऱ्या फेरीत धोतराचा सोगा थोडक्यात वाचला. पण उतरल्यावर म्हणाले काय, तर "मशिन हाय हे, मस्करी न्हाय." हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की नंतर ते मिक्सर, टीव्ही, माझी सायकल, सगळ्याला ते लावू लागले.

मला मात्र त्यांनी मशीनची एक खोड मुद्दाम दाखवली. चालू ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या ते जरासे उठले. इंजीन खाडकन बंद.

"बघितलासा? सीटखाली कळ हाय. बुडाखालचं वजन गेलं की मरतंय. माणूस पडला तर पात्यात घावू नये म्हणून. मी म्हणतो, मालक वळखतंय!"

ते हसले. मीही हसलो. पण खरं सांगतो, बसलेला माणूस उठला की मरणाऱ्या त्या मशीनचं मला थोडं भयच वाटलं.

दोन पावसाळे तात्यांनी मजेत गवत कापलं. काकू खिडकीत बसून बघायच्या. नंतर हळूहळू काकू दिसेनाशा झाल्या. हळदीकुंकवाला आल्या नाहीत. शैला भेटायला गेली तर तात्यांनी दारातच अडवलं. "झोपलीया. नंतर या." आवाज खाली आलेला. तात्यांचा आवाज खाली येऊ शकतो हेच आम्हाला माहीत नव्हतं. परत गेली, तेव्हाही "झोपलीया". कामवाली बाई त्यांनी बंद केली. रोज भिंतीवरून डोकावणारं डोकंही दिसेना.

आणि त्याच उन्हाळ्यात ट्रॅक्टर रोज संध्याकाळी फिरू लागला.

उन्हाळ्यात माळावर गवताची काडी नव्हती. पिवळं पडून सगळं मातीला मिळालेलं. पण दिवस कलला की इंजीन धडधडायचं आणि फेटा, कोट घातलेले तात्या लिंबाच्या झाडाभोवती गोल फिरू लागायचे. अगदी सावकाश. पाती बंद असायची. कापायला होतंच काय? चाकांनी मातीत एक वर्तुळ पडलं होतं आणि ट्रॅक्टर त्या वर्तुळातून बोटभरही बाहेर जात नव्हता.

मी गच्चीवरून हाक मारली, "तात्या! काय कापताय?"

इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नसेल म्हणून मी हात हलवले. ट्रॅक्टर माझ्या समोरून गेला, पण फेट्याखालचं डोकं वळलं नाही. ते ताठ, समोर बघत पुढे गेलं, झाडाआड झालं, पुन्हा आलं, तसंच ताठ.

"रुसलेत का आपल्यावर?" शैलाने विचारलं.

"तात्या रुसले तर कोल्हापूरभर ऐकू जाईल," मी म्हटलं. पण मनातून हललो होतो.

मी चित्रकलेचा माणूस. मला माणूस आधी आकारात दिसतो. गच्चीवरून मी रोज बघत राहिलो तसं मला काहीतरी खुपू लागलं. ट्रॅक्टर खड्ड्यात आपटला की बसलेल्या माणसाचे खांदे हलतात, मान हलते. इथे सगळं एकदम हलायचं, एकसंध. हात स्टिअरिंगवर नव्हते, मांडीवर पडलेले होते. आणि तात्या एवढे आखूड कधी झाले?

दूधवाला आता त्या घराकडे जायचा नाही. फाटकालाच पिशवी अडकवून पळायचा. "मास्तर, तिकडं बघत बसू नगा," तो मला म्हणाला. "परवा मी जवळनं बघितलं. कोटावर मुंग्या हायत्या. काळ्या मुंग्यांची रांग. गळ्यापास्नं आत चालल्याती. जित्या माणसाच्या अंगावर मुंग्या चढत्यात व्हय?"

मी त्याला हसून वाटेला लावलं. त्या संध्याकाळी मात्र मी गच्चीवर गेलो नाही. खाली भिंतीशीच उभा राहिलो. ट्रॅक्टर फिरत होता. फेटा येत होता, जात होता. तेवढ्यात तात्यांच्या घरातून खोकला ऐकू आला. तो खोकला मी हजारांत ओळखला असता. पाठोपाठ शब्द आले, हळू, समजुतीचे, "घ्या की. एवढा एक घास घ्या की."

आत तात्या होते.

आणि समोर, झाडाच्या आडून, तात्या ट्रॅक्टरवर बसून येत होते.

मी घरात गेलो. शैलाला सांगणार तरी काय?

दुसऱ्या दिवशी मात्र मनाचा हिय्या केला आणि ऊन उतरता उतरता तात्यांच्या फाटकातून आत शिरलो. ट्रॅक्टर फिरत होता. मी दहाएक पावलं गेलो असेन, तोच घराचं दार उघडलं आणि काकू बाहेर आल्या. मी त्यांना कित्येक महिन्यांनी बघत होतो. केस मोकळे, लुगडं कसंबसं गुंडाळलेलं, हातात पाण्याचा तांब्या. चेहऱ्यावर मात्र तेच हसू.

"अवो, पाणी घ्या," त्या ट्रॅक्टरकडे बघून म्हणाल्या. "उनाचं किती येळ बसायचं?"

आणि त्या थेट चाकांच्या वर्तुळात जाऊन उभ्या राहिल्या. ट्रॅक्टर झाडामागून वळला आणि त्यांच्याकडे येऊ लागला. काकू तांब्या पुढे करून थांबल्या होत्या. आपला नवरा आपल्याला बघून थांबणार याची त्यांना खात्री होती. फेट्याखालचं डोकं मात्र समोर बघत येतच राहिलं.

"काकू, सरका!" मी ओरडलो. मी अजून फाटकाजवळच होतो.

घरातून तात्या धावत आले. खरे तात्या. अंगात बनियन, डोकं उघडं, हाताला भात लागलेला. त्या वयात त्यांनी असं काही अंतर कापलं की मी बघतच राहिलो. ते काकूंकडे गेले नाहीत. ट्रॅक्टरच्या बाजूने धावले आणि सीटवरच्या तात्यांना दोन्ही हातांनी ढकलून दिलं.

इंजीन खाडकन मेलं. काकूंच्या लुगड्याला चाक टेकलं होतं.

सीटवरचे तात्या धप्पकन जमिनीवर पडले आणि त्यांचं डोकं फुटलं. ठिकऱ्या उडाल्या. ते मडकं होतं. कोट फाटला आणि आतून वजनाला भरलेली गुळाची आख्खी ढेप बाहेर आली, मुंग्यांनी काळी झालेली. स्टिअरिंगला बैलाचा कासरा बांधलेला होता, ट्रॅक्टर गोल फिरावा म्हणून.

काकूंनी ते फुटलेलं डोकं बघितलं. हातातला तांब्या पडला आणि त्या अशा किंचाळल्या की अजून कधी कधी तो आवाज माझ्या कानात उठतो. "मालक! अवो मालक!" त्या ठिकऱ्या गोळा करू लागल्या, जोडून बघू लागल्या. तात्यांनी त्यांचा हात धरला तर त्यांनी झटकला. "हात लावू नगा पावणं! माझं मालक पडल्यात!"

तात्या क्षणभर उभे राहिले. मग त्यांनी मातीतला फेटा उचलला आणि तसाच, धुळीसकट, डोक्यावर ठेवला. फाटका कोट अंगात घातला. मुंग्या हातावर चढत होत्या, त्यांचं भान त्यांना नव्हतं. आणि ते काकूंच्या समोर मातीत बसले.

"काय झालं न्हाय गं," ते म्हणाले. "घसरलो जरा."

काकूंनी वर बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पदराने त्यांच्या तोंडावरची धूळ पुसली. "लागलं का वो?"

"न्हाय."

"त्या मशिनचा लय नाद तुमाला."

"व्हय," तात्या म्हणाले. "लय नाद."

काकूंना आत झोपवून तात्या ओसरीवर आले, तेव्हा मी तिथेच बसून होतो. त्यांनी सांगितलं ते एवढंच. काकूंचं विसरणं आधी मीठ-साखरेपासून सुरू झालं, मग माणसांवर आलं. एक दिवस सकाळी उठून त्यांनी तात्यांना विचारलं, "पावणं, कुठनं आलाय म्हणायचं?" परक्या पुरुषाच्या हातचं त्या खाईनात. रडायच्या, दार लावून घ्यायच्या. फक्त खिडकीतून ट्रॅक्टरवरचे तात्या दिसले, की ओळखायच्या. त्या फेट्याला, त्या कोटाला. "आमचं मालक," म्हणायच्या आणि शांत व्हायच्या. तेवढ्या वेळात त्यांना कुणी भरवलं तर जेवायच्या.

"आता मी भाईर बसू का आत भरवू? दोन जागी कसा ऱ्हाणार मास्तर?" तात्या म्हणाले. "मग हे सोंग केलं. ती खिडकीतनं त्येच्याकडं बघती, मी भरवतो. मला म्हणती, आमचं मालक बघा पावणं, कसं कामाचं हायत. मी म्हणतो, व्हय की, लय कामाचं."

"कुणाला सांगितलं का नाही?"

"काय सांगू? लोकं बघाय येतील. ट्रॅक्टर बघाय आली तशी."

मी घरी आलो. शैलाला सगळं सांगितलं. तिने सुई-दोरा काढला, भिंतीपलीकडे गेली आणि तो कोट घेऊन आली. उसवलेली बाही तिने शिवली, मुंग्या झाडल्या, आणि कोट माझ्यापुढे धरला. मी तो अंगात घालून बघितला.

त्यानंतर पुढच्या पावसाळ्यापर्यंत, काकू होत्या तोवर, मी शाळेतून आलो की ट्रॅक्टरवर बसायचो. फेटा तात्या स्वतः बांधून द्यायचे. पहिले काही दिवस मला फार विचित्र वाटायचं. दुसऱ्याच्या कोटात आपलं अंग आपलं वाटत नाही. झाडाभोवती फिरताना अंधारू लागायचं, खिडकीत दिवा लागायचा, आणि तिथून एक बाई माझ्याकडे अशा नजरेने बघायची की मी नक्की कोण आहे, हे मला क्षणभर कळायचं नाही. दूधवाला अजूनही फाटकालाच पिशवी अडकवून पळत होता. त्याला मी काही सांगितलं नाही.

एका संध्याकाळी मी फेरी मारताना पाहिलं, की काकू खिडकीकडे पाठ करून बसल्यात. मला वाटलं, आता त्या मलाही विसरल्या. ट्रॅक्टर थांबवून मी आत गेलो. ताट संपलं होतं. काकू आडव्या झाल्या होत्या. तात्या त्यांच्या पायाशी बसले होते, डोळे ओले.

"काय झालं तात्या?"

"काय न्हाय. भरवता भरवता मधीच थांबली. माझ्याकडं वळून बघाय लागली. म्हणली, पावणं, तुमी जेवला का?"

"मग?"

"मी म्हटलं, न्हाय." तात्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. "मग तिनं घास भरवला की मला. आपल्या हातानं."