भाऊजींची मुलाखत

कुणी डुलकी घेताना दिसलं की माझे धाकटे दीर, श्रीधरभाऊजी, त्याच्या पापणीला अलगद बोट लावत. पापणी हलली की जाहीर करत, “भूल वरवरची आहे. अजून कापता येणार नाही!” भोरच्या एका साखरपुड्यात त्यांनी हा प्रयोग नवऱ्या मुलाच्या वडिलांवर केला. त्या घरचं आमंत्रण आम्हाला पुन्हा आलं नाही.

मुलांनो, भाऊजी जनावरांचे डॉक्टर. जनावराला भूल द्यायची आणि तिच्यातून सुखरूप परत आणायचं, हा त्यांचा अभ्यास. पशुवैद्यक कॉलेजात ते हेच शिकवत. तिथले प्रमुख म्हणत, “बैलाला भूल कशाला? चार माणसं आणि एक दोर पुरे.” भाऊजी भर वर्गात ओरडले, “मग तुमची दाढ तशीच काढू का?”

झालं! भाऊजींचा भुलीवरचा प्रबंध प्रमुखांच्या कपाटात गेला, भाऊजींची बदली वेल्ह्याच्या जनावरांच्या दवाखान्यात झाली आणि ते आमच्या घरी राहायला आले. त्या प्रमुखांचा मला आजही संताप येतो. भाऊजींचाही येतो. जीभ जरा आवरली असती तर?

सत्तर सालच्या आसपास ते प्रमुख निवृत्त झाले. कॉलेजाने भूलशास्त्राची वेगळी जागा काढली आणि भाऊजींना मुलाखतीला बोलावलं. ही हुकली तर दुसरी संधी नव्हती. कोटाला मी स्वतः इस्त्री केली.

मुलाखतीच्या दिवशीच उजाडता उजाडता मार्गासनीच्या कोंडाबाई गाडीत बैल घालून आल्या. “डागदर, झुंजीत प्वाट फाटलं वो!”

टाके घालून झाले तेव्हा मुलाखतीला वेळेत पोचवणाऱ्या एकुलत्या एसटीला पाऊण तास होता. मी धावत दवाखान्यात गेले. बैल गुंगीतच होता. असा बैल आडवा कलंडला तर पोट फुगून दगावतो. म्हणून भाऊजी इस्त्रीच्या कोटासकट मातीत बसून त्याला पाठीने टेकू देत होते.

“उठा! पोती लावा की!”

“पोत्याला श्वास कळतो का, वहिनी?”

“कंपाउंडरला बसवा.”

“तो विडी ओढायला जातो.”

“जावा तुमी, डागदर,” कोंडाबाई हुंदके देत म्हणाल्या, “म्या बसते. माझाच बैल हाय.”

“तुम्ही आधी रडणं थांबवा. मला श्वास मोजता येत नाहीये!”

शेवटी एसटी हॉर्न देऊन निघून गेली. मी त्यांना इंग्रजीत मूर्ख म्हणाले. कोंडाबाईंसमोर दिराला मराठीत म्हणवेना.

भाऊजी बैलाचे श्वास मोजत राहिले. बऱ्याच वेळाने ते जरा सरकले. “वहिनी, एका अंगाने भार कमी पडतोय. टेकता का जरा?”

रागारागातच मी पदर खोचून बसले. पाठीला बैलाचा श्वास लागत होता, संथ आणि भरदार. मग शेजारी दबक्या हुंदक्यांनी भाऊजींचा खांदा हलायला लागला.

मी वळून पाहिलं नाही. आणखी थोडी रेलून बसले.