जितूशेठची बसकी पिकअप

राईगावात जितूशेठच्या नावावर एकच मोठं काम होतं, ते म्हणजे त्याच्या दारासमोरचा गतिरोधक! पोरं बाइक सुसाट पळवतात म्हणून शेठ नगरसेवकाकडे इतक्या वेळा जाऊन बसला, की शेवटी त्याला उठवण्यासाठी तो करून द्यावा लागला. गतिरोधक कसला, टेकडीच! वर गॉगलवाल्या फोटोचा बॅनर: ‘जितेंद्रशेठ यांच्या अथक पाठपुराव्यास यश!’

आता दुसरं काम हाती होतं. लेकीचं, हेमालीचं लग्न. तिचं मागणं साधं होतं. नाथाबाबा, म्हणजे तिचे आजोबा, ज्या जुन्या पिकअपमधून जन्मभर मिठाची पोती वाहायचे, त्याच गाडीतून तिला हॉलवर जायचं होतं. लहानपणी आजोबांच्या मांडीवर बसून तिनं त्या गाडीचा हॉर्न वाजवलेला.

“पप्पा, भाड्याची लांबलचक गाडी नको मला. ही फक्त धुऊनपुसून द्या.”

पण नुसती धुऊनपुसून देईल तो जितूशेठ कसला! त्याने मोबाइलवर परदेशातल्या जुन्या पिकअप बघितल्या. सगळ्या पोट जमिनीला लावून चालणाऱ्या. “गाडी कशी पाहिजे माहितीय? बसकी! गोडदेववाले तोंडात बोटं घालतील!” गोडदेव म्हणजे हेमालीचं होणारं सासर.

केबिन रोडच्या मागच्या गल्लीत गुड्डू मिस्त्री आहे. हा माणूस गिऱ्हाइकाला कधीच नाही म्हणत नाही, हीच त्याची खोड. त्याने पुढच्या स्प्रिंगा कापल्या. गाडी खाली बसली, पण पुढची चाकंही आत झुकली. बिचारी गाडी गुडघेदुखीवाल्या आजीसारखी उभी राहिली.

“आर्म बदलना पडेगा, सेठ.”

पुढच्या चाकांना गाडीशी धरून ठेवणारे लोखंडी हात, ते हे आर्म. दोन प्रकार मिळत होते. एक काळे, जाडजूड. ते चाकं सरळ करणार आणि गाडी आहे तेवढीच उंच ठेवणार. दुसरे चकचकीत नळीचे. ते चाकं सरळ करणार, पण गाडी आणखी खाली घेणार. शेठ दोन्ही घरी घेऊन आला आणि बस्त्याच्या साड्या मांडाव्यात तसे ओटीवर मांडून बसला.

“अहो, गाडीखाली जाणार ना हे? दिसणार कोणाला?” बायकोने, उर्मिलाने विचारलं.

“तुला काय कळतंय! व्हिडिओवाला झोपून शूटिंग करणार आहे!”

शेठची मोठी बहीण शांतीआत्या आली, तिने चकचकीत जोडीवर हात ठेवला. “हे घे. लग्नघर हाय, काला कशाला?”

झालं! रंग बघून आर्म ठरले!

गुड्डू जरासा चाचरला. “सेठ, स्प्रिंग तो पहले ही काट दिया है. ये लगाया तो और बैठेगी.”

“बैठने दो ना!”

“ठीक है, बैठने देते हैं.”

गाडी घेऊन शेठ एकटाच गावात आला. गतिरोधकावर पोट घासता घासता राहिलं. “बघा! अजून बोट जाईल एवढी जागा आहे!” ते बोट तो दिवसभर सगळ्यांना दाखवत फिरला.

लग्नाचा दिवस उजाडला. झेंडूच्या माळा, पुढे बँजो. स्टिअरिंगवर शेठ, मध्ये शालू नेसलेली हेमाली, तिच्या बाजूला शांतीआत्या. मागच्या हौद्यात उर्मिला, मावश्या, काकवा, करवल्या. नवरीच्या गाडीत चढलेल्या बाईला ‘जागा नाही’ म्हणायची कोणाची टाप आहे? गाडी दारातून निघाली, गतिरोधकावर चढली आणि खर्रर्र... ठप्प! पुढे जाईना, मागे येईना! बँजोवाले आपल्याच तालात निघून गेले. वळणावर त्यांच्या लक्षात आलं, की मागे लग्नच नाही!

“जरा उतरा सगळ्या, गाडी हलकी होईल,” शेठ म्हणाला.

कोणी हललं नाही. कशी हलेल? जी पहिली उतरेल ती जाड ठरणार!

“मना उतरवतंस?” शांतीआत्या कडाडली. “माज्या वजनान बसली तुजी गाडी?”

“नाही गं अक्का! मागच्या उतरतील आधी.”

“म्हणजे आम्ही जाड?” हौद्यातून मोठी मावशी ओरडली. “उर्मिला, ऐकलंस? तुझ्या माहेरच्यांना रस्त्यात उतरवतोय हा माणूस!”

तेवढ्यात व्याह्यांचा फोन. “निघालात का? मुहूर्त आला!”

“निघालो, निघालो! गतिरोधकापर्यंत पोचलोय!”

शेवटी हेमाली आत्याच्या पायांवरून कशीबशी बाहेर आली. डोळे भरलेले. “पप्पा, आजोबांनी ह्यात पोत्यांची थप्पी नेली. कधी कोणाला उतर म्हणाले नाहीत.” एवढं बोलून तिनं रिक्षा थांबवली. उर्मिलाही उडी टाकून तिच्यामागे बसली. नवरीच गेली म्हटल्यावर उरलेल्या बायकांना गाडीत राम राहिला नाही. सगळ्या भराभर उतरून रिक्षा शोधायला धावल्या, आणि पिकअप टुणकन उठली!

मुहूर्त गाठला हेमालीने, हॉलच्या मागच्या गेटने. पुढच्या गेटवर मात्र विहीणबाई आरतीचं ताट घेऊन उभ्या. माळा लावलेली पिकअप दिसताच फटाके उडाले. व्हिडिओवाला आर्मच्या शूटिंगसाठी रस्त्यावर आडवा झाला. दार उघडलं आणि आतून उतरला जितूशेठ! एकटा!

“नवरी?” विहीणबाईंनी विचारलं.

“आली ना. म्हणजे... रिक्षाने.”

आता राईगावात तो गतिरोधक नाही. शेठ पुन्हा नगरसेवकाकडे जाऊन बसला आणि तो खणून काढायला लावला. नवा बॅनर लागलाय, तोच गॉगल, तोच फोटो: ‘जितेंद्रशेठ यांच्या अथक पाठपुराव्यास यश! गतिरोधक हटला!’

परवा हेमाली माहेरपणाला आली, रिक्षानेच. बॅनर वाचला, दारातली बसकी पिकअप बघितली, आणि बापाला म्हणाली, “पप्पा, गाडी वर करायची सोडून तुम्ही रस्ता खाली केलात?”