उस्मानभाई आणि टाकीतलं पिवळं फूल

भर उन्हात माणूस छत्री उघडतो ती स्वतःच्या डोक्यावर. उस्मानभाई ती पाण्याच्या टाकीवर धरायचे. स्वतः उन्हात उभे, जाळीची टोपी घामाने चिकटलेली, आणि छत्रीची सावली टाकीत तरंगणाऱ्या चार पानांवर. ओमानमधल्या सहम गावच्या त्या शेतावर मी पहिल्यांदा उतरलो तेव्हा आधी हेच दिसलं. पिकअपमधून बॅग काढायचं मी विसरून गेलो. म्हटलं, इथल्या उन्हाने माणसाचं असं होत असेल तर आपलंही होणार.

मी गुहागरकडचा. नववीत शाळा सोडलेला, पाइप जोडायचं काम शिकलेला. घाबरण्यात मात्र पहिला नंबर. व्हिसा रद्द होईल, अर्बाब म्हणजे शेताचा मालक ओरडेल, माझ्या हातून मोटर जळेल, अशी भीती मी आलटून पालटून बाळगायचो. उस्मानभाई श्रीवर्धनकडचे. काळी दाढी घेऊन ओमानात आले होते, आता ती पूर्ण पांढरी. शेतावरची मोटर आणि पाणी त्यांच्याकडे. पहिल्याच आठवड्यात मला ताप भरला तेव्हा त्यांनी पेज करून भरवली आणि एसीसमोरची आपली खाट मला दिली. "तू झोप, सुऱ्या. मना थंडी वाजते," म्हणाले. मे महिना होता.

हे उपकार मी विसरणार नाही. पण त्यांच्या त्या झाडाबद्दल त्यांनी माझा जो गोंधळ करून ठेवला, तोही विसरता येत नाही.

विहिरीचं पाणी आधी सिमेंटच्या उघड्या टाकीत पडायचं आणि तिथून खजुराला, लिंबांना जायचं. त्या टाकीच्या एका कोपऱ्यात उस्मानभाईंनी पाट्यांनी चिखल आणून टाकला होता, आणि चिखलात ते झाड. कमळ म्हणावं तर कमळ नव्हे. कमळाचं पान ताटासारखं गोल असतं. ह्याचं पान पत्त्यातल्या बदामासारखं, देठाजवळ खोल चिरलेलं. पाण्याखाली आणखी पानं होती. ती पातळ, चुरगळलेली, कुणी कागद बोळा करून टाकल्यासारखी. बारके मासे त्यांच्यात लपून बसायचे.

"उस्मानभाई, हे काय लावलंय?"

"भाजी हाय."

दुसऱ्या दिवशी ते मोटर दुरुस्तीला आलेल्या माणसाला सांगत होते, औषध आहे म्हणून. जुम्म्याच्या दिवशी मला म्हणाले, नुसतं फूल आहे, शोभेचं. मी म्हटलं, तुम्ही परवा भाजी म्हणालात.

"ह्यात दोन मतं हायत," उस्मानभाई म्हणाले.

"कोणाकोणाची?"

"दोन्ही माझीच. खलास."

त्यांचं सगळं असंच. मुळाचा लेप जखमेवर लावतात, म्हणाले. कुठल्या जखमेवर, तर म्हणाले, बहुतेक पायाच्या. बिया भाजून खातात, लाहीसारख्या फुटतात, म्हणाले. तुम्ही खाल्ल्यात का, तर म्हणाले, मी कशाला खाऊ, मना काय झालाय? हे झाड इथलंच का, असं विचारलं तर चक्क चिडले. "जन्म कुठला विचारतोस की रेसिडन्स कार्ड कुठला?"

मी फोनवर फोटो काढून शोधूनही पाहिलं. आलं ते सगळं इंग्रजीत. त्यातलं मला 'यलो' तेवढं कळलं, आणि पिवळं आहे हे मला आधीच माहीत होतं.

थंडी सरताना त्याला कळी आली. सगळ्या मोसमात एकच. जाड देठावर, पाण्याच्या वर मान काढून, पिवळ्या गोटीसारखी. ती फुलली तेव्हा उस्मानभाई धुतलेला कमीज घालून टाकीवर गेले. जवळून पाहिलं तर मोठ्या पिवळ्या वाट्या दिसतात त्या पाकळ्या नव्हेतच, बाहेरचं वेष्टण आहे. खऱ्या पाकळ्या आत, बारक्या, गर्दी करून बसलेल्या. "हात लावू नको," त्यांनी बजावलं. "वाससुद्धा लांबून घे."

वास घेतला आणि मी दचकलो. दारूचा. आमच्या गावाकडे गुत्त्यामागून जाताना येतो तसा शिळा, आंबूस.

"उस्मानभाई, ह्याला..."

"मना माहीत हाय," ते खालच्या आवाजात म्हणाले. "तू बोलू नको."

पाच वक्त नमाज पढणारा माणूस, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही, आणि जपतोय काय तर हे!

दोन दिवसांनी अर्बाबचे पाहुणे आले. आमचा अर्बाब म्हातारा, शांत, हिंदी चांगलं बोलणारा. टाकीशेजारच्या आंब्याखाली सतरंजी पडली, खजूर आले, कावा म्हणजे बिनदुधाची कॉफी आली. मी जवळच पाइपाचा सांधा घट्ट करत होतो. वारा टाकीकडून सुटला. अर्बाबने कप तोंडाशी नेला आणि तसाच थांबवला. एका पाहुण्याने डोक्याला गुंडाळलेल्या मसरचं टोक नाकाला लावलं. मग सगळ्यांच्या माना वळल्या त्या माझ्याकडे. बरोबरच होतं. शेतावर नवा मीच होतो.

"सुरेश," अर्बाब म्हणाला, "इधर आओ. शराब पिया?"

न पिताच मी उठताना पाइपाला अडखळलो, त्यामुळे संशय आणखी पक्का झाला. व्हिसा, विमान, आईचा चेहरा, सगळं एकदम समोर आलं. "नो, अर्बाब, वल्ला नो," एवढंच शपथ घेऊन म्हणता आलं.

तेवढ्यात पाण्यात धप्पकन आवाज झाला. उस्मानभाई धुतलेल्या कमीजासकट टाकीत उतरले होते. कमरेपर्यंत पाण्यात चालत ते कोपऱ्यात गेले, ते एकमेव फूल देठातून खुडलं, आणि निथळत येऊन त्यांनी ते अर्बाबच्या नाकापुढे धरलं.

"अर्बाब, ये पीता है. लडका नहीं पीता."

अर्बाबने वास घेतला. पाहुण्याने घेतला. मग फूल सतरंजीभर फिरलं आणि ज्याने त्याने तोंड वाकडं करून ते पुढे दिलं. शेवटी सगळे हसले. मी सुटलो. पण उठताना अर्बाब गंभीर झाला. "उस्मान, मेरे टांकी में ये नहीं चाहिए. कल निकालो. फेंक दो."

उस्मानभाईंनी "जी" म्हटलं. संध्याकाळी ते जेवले नाहीत. खाटेवर ओल्या कमीजातच बसून राहिले.

"माझ्यामुळे झालं," मी म्हटलं.

"तुझ्यामुळे नाय रे. फूल काय, पुढच्या साली परत येतो. पण मूळ फेकायचा कसा? माझा नाय तो."

"मग कुणाचा?"

तेव्हा ते बोलले. पूर्वी बाजूच्या शेतावर एक इराणी राखणदार होता. त्याचं गाव वर, थंडीतलं, तळ्यांचं. सुटीवरून येताना त्याने हे मूळ ओल्या गोणपाटात गुंडाळून आणलं आणि ह्या टाकीत लावलं, कारण त्याच्या शेतावर टाकी नव्हती. रोज संध्याकाळी दोघे काठावर बसायचे. ह्यांना फारसी येत नव्हती, त्याला हिंदी येत नव्हतं.

"मग बोलायचात काय?"

"पुष्कळ बोलायचो. तो त्याचा बोलायचा, मी माझा. झाडाचं सगळं सांगितलंन त्याने मना. पोटावर हात फिरवायचा. आता ते खातात म्हणून, की पोटाचं औषध म्हणून, की त्याला भूक लागायची, मना काय ठाव? एकदा पाय दाखवलंन. तो लेप असेल, नायतर पाय दुखत असेल."

उस्मानभाईंनी ओल्या कमीजाची बाही पिळली.

"मग एके दिवशी झाडाकडे बोट केलंन, माझ्या छातीवर हात ठेवलान, नि दोन बोटं दाखवलंन. दोन महिने, म्हणजे. गेला."

"कधी?"

"अर्बाबचा मुलगा तेव्हा शाळेत जात नव्हता."

अर्बाबचा मुलगा आता लँडक्रूझर चालवायचा.

सकाळी आम्ही टाकी रिकामी केली. मूळ निघता निघेना. माझ्या दंडाएवढं जाड, अंगभर जुन्या देठांचे वण. अर्बाब बघायला आला. उस्मानभाई चिखलात गुडघ्यावर बसले होते. मूळ मांडीवर घेऊन ते म्हणाले, "अर्बाब, ये मेरा नहीं. अमानत है."

अमानत हा शब्द अर्बाबच्या अरबीतलाच. कुणी विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू टाकून द्यायची नसते, परतच करायची असते, हे त्याला कुणी समजवायला नको होतं. त्याने वाकून त्या काळ्या मुळावर बोट फिरवलं. मग म्हणाला, "टांकी में नहीं. ड्रम काटो, उस में रखो. पंप के पीछे साया है."

मी निळा ड्रम आडवा कापला, चिखल भरला, मूळ पुरलं, पाणी सोडलं. पंपामागे गार सावली होती, पाणीही हाताशी. पण उस्मानभाई म्हणाले, "इथे नाय. फाटकावर ने."

"फाटकावर? तिथे दिवसभर ऊन. उकडून जाईल."

"इथे ठेवला तर त्याला दिसेल कसा?"

"उस्मानभाई, त्याच्या मालकाकडून पत्ता काढू. फोन लावू. हल्ली फोनवर चेहरासुद्धा दिसतो. नाव काय त्याचं?"

चिखलाचे हात त्यांनी कमीजाला पुसले.

"मी त्याला आगा म्हणायचो, म्हणजे साहेब," ते म्हणाले. "तो मना आगा म्हणायचा. नाव विचारायचा राहून गेला. ते शेत पण विकलान कधीच." मग दाढीवरून हात फिरवत म्हणाले, "त्याने बघितलेला मी काळ्या दाढीचा. आता रस्त्यावरून गेला तर मना कसा ओळखेल? हे पान बघेल तर थांबेल."

ड्रम आम्ही दोघांनी मिळून फाटकाशी नेला. उस्मानभाईंनी शेजारी एक उलटा क्रेट ठेवला आणि त्यावर बसले.

थोड्या वेळाने बाजाराकडून एक पिकअप आली. फाटकाजवळ येताना ती मंदावली. उस्मानभाई उभे राहिले. कमीजाची वरची बटणं लावली, टोपी सरळ केली, आणि ड्रमच्या जरा बाजूला सरकले, म्हणजे पानं नीट दिसावीत.

पिकअपने तिथे वळण घेतलं आणि आली त्या दिशेने निघून गेली.

"वळायलाच आला होता," उस्मानभाई मला म्हणाले, आणि पुन्हा बसले.