निळ्याचा वैरी

रघू पेंटरनं आख्खा जन्म रंगात घालवला, पण एका निळ्या रंगाला तो तोंड भरून शिव्या घालतो.

तो निळा डब्यातला नाय. दिंडोरी नाक्यावरच्या सायबर कॅफेत कॉम्प्युटरच्या माथ्यावर एक लांब पट्टी असते, तिच्यात पत्ता लिहायचा. लिहिलेल्या पत्त्यावर माउस एकदा दाबला की सगळा पत्ता निळा होतो. मग कुठलंबी बटण दाबा, आख्खा पत्ता गायब.

"ही काय पद्धत झाली?" पेंटर ओरडतो. "ट्रॅक्टरवर 'आईची कृपा' लिहिताना एक काना चुकला, तर मी तेवढाच काना रॉकेलनं पुसतो. ट्रॅक्टर नाय पुसत!"

हा माझा समोरचा शेजारी. मी शाळा चौथीत सोडली. इंग्रजी अक्षरं ओझरच्या कारखान्यात खोकी उचलता उचलता ओळखीची झाली. म्हणून मी पत्त्याच्या चिठ्ठीतनं एकेक अक्षर सांगायचं अन् त्यानं एका बोटानं दाबायचं. पत्ता माझ्या पुतण्याच्या लग्नाच्या फोटोंचा. त्याच्या शेवटी आकडा असतो. एक टाकला की पहिला फोटो, दोन टाकला की दुसरा. सातव्यात आमची ही आहे. हातात जिलब्यांचं ताट, अन् कुणाकडं तरी बघून तोंडभर हसतेय. घरात भिंतीवर जो फोटो आहे, त्यात ती रेशनकार्ड काढायला बसल्यासारखी बसलीय. हसणारी ती तेवढी त्या सायबरमधीच.

गेल्या पौषात ती गेली. तेव्हापासून रोज संध्याकाळी पेंटर मला ओढून नेतो.

"सरळ सात टाक की रे!"

"पंगतीत मधूनच वाढतात का? क्रमानं जायचं, नाना."

एकाचा दोन करायला जायचा, सगळं निळं, सगळं गायब. मग शिव्या. मग मी परत पहिल्या अक्षरापासून. सायबरवाला रमेश कानावर हात ठेवून बसायचा. जिलबीपर्यंत पोचायला अंधार पडायचा. मीबी तोंडाचा फाटका. "गाढवा, तुझ्या हातात ब्रशच बरा होता," म्हणायचो.

परवा जरा लवकर एकटाच गेलो. दारातच पेंटरचा आवाज ऐकू आला. एका द्राक्षबागायतदाराला शिकवत होता.

"एकदा दाबलं की निळं होतं, घाबरू नका. परत एकदा दाबा. गेलं निळं? आली उभी रेघ? आता तेवढाच आकडा खोडा."

मी चपला हातात घेऊन मागं सरलो. रमेश चहा सांगायला बाहेर आला, त्याला धरलं.

"याला हे येतं?"

"पहिल्या आठवड्यापासून. तुम्हाला सांगू नको म्हणाले."

"का रे?"

"म्हणाले, फोटो पटकन उघडला तर नाना पटकन घरी जातो. अन् घरी दिवा न लावता बसतो."

टपरीवर उभ्याउभ्या चहा घेतला. बागायतदार गेल्यावर आत जाऊन बसलो, चिठ्ठी काढली. पहिला फोटो उघडला. पेंटरनं माझ्या तोंडाकडं बघितलं.

"काय झालं, नाना? बरं, आज सरळ सात टाकू."

"नको. क्रमानं जा."

"निळं होईल, नाना."

"होऊ दे. तू शिव्या घाल, मी वाचतो."