उभ्यानं ऐकायची कविता

नाना पिंपळखुटे कविता म्हणत असले की ऐकणाऱ्याला बसायची सोय नसे. वय एकाहत्तर. रेल्वेच्या मालधक्क्यावर गोऱ्या साहेबाच्या हाताखाली कारकुनी करून निवृत्त झालेले. कवितांचा विषय एकच, म्हातारपण. तेही रडकं नव्हे, दंड थोपटणारं. कुणी ओट्यावर टेकला की नाना ओरडत, "उठ भैया! बसला तो बुढ्ढा झाला!"

साठी झाली? होऊ द्या हो,
काठी घरी राहू द्या हो!

मदन महल मोहल्ल्यात आमची घरं शेजारी, म्हणून पहिला बळी मी. आजाऱ्याच्या समाचारालाही नाना वही घेऊन जात. आमचे एक वकील तापानं फणफणले होते. त्यांना पलंगावरून उठवून नानांनी सात कडवी ऐकवली. ताप उतरला. वकील म्हणतात काढ्यानं. नाना म्हणतात, "चौथ्या कडव्यानं!"

सत्तरीत त्यांनी पनागरच्या शेतात आंब्याची रोपं लावली. मी विचारलं, "नाना, फळं खायला कोण राहणार?"

"खाणारे जन्मून राहिले ना बे! तू काहून फिकीर करतो?"

यंदा गणेशोत्सवातल्या कविसंमेलनाचा चिटणीस मी होतो. गेल्या वर्षी नानांनी अध्यक्षांसकट सगळी सभा तासभर उभी ठेवलेली. म्हणून कमिटीनं युक्ती काढली: शाल-नारळ देऊन सत्कार करायचा, कविता नाही. हे सांगायचं काम अर्थात माझ्या गळ्यात पडलं.

नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. "शाल नको. दहा मिनिटं दे."

"पण रोज सकाळी सगळा मोहल्ला ऐकतोच ना तुम्हाला?"

"त्या जुन्या रे." त्यांनी वही पुढे केली. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या पत्नी, आमच्या नानी, वारल्या, त्यानंतर पानावर एकच ओळ होती. "ती पोळ्या लाटता लाटता प्रत्येक ओळीला 'हूं' म्हणे. त्याबिगर पुढची ओळ सुचूनच नाही राहिली. वाटलं, इतक्या लोकांत कोणी तरी म्हणेल."

मला माझीच लाज वाटली. कमिटीशी कडाकडा भांडून मी दहा मिनिटं मिळवली.

संमेलनात नानांनी ती ओळ वाचली, "म्हातारपणा, दमलास का रे?" आणि थांबले. कुणीतरी खोकलं.

मी पहिल्या रांगेतून मोठ्यानं म्हटलं, "हूं."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. चष्मा काढून पुसला. वहीत त्या ओळीपुढचं पान कोरंच होतं. त्यांनी वही मिटली आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

"चल, तुला मी खांद्यावर घेतो!"