बारा मशीन आणि एक हिरवं बटण

सव्वाचार वाजले, तरी संकेतच्या सायबर कॅफेतल्या बारा मशीनपैकी एकावरही काउन्सेलिंगचं पान धड उघडत नव्हतं. पाचला इंजिनीअरिंग प्रवेशाची काउन्सेलिंग बंद होणार होती. आम्रपालीने कॉलेजांची यादी कालच भरली होती, सगळ्यात वर जबलपूर. आज फक्त ‘लॉक’चं हिरवं बटण दाबायचं होतं. तेवढं राहिलं तर पोरीचं वर्ष वाया.

अशा कामाला बालाघाटात लेकीला कोणी एकटं पाठवत नाही. वडील पुनाराम, आत्या शेवंताबाई, काका, वारासिवनीहून बसने आलेले मामा अशी तिच्यासकट एकोणीस माणसं आली होती. पान उघडेना म्हणताच पुनारामने फर्मान काढलं, “एकेक मशीन धरा रे! हिचाच नंबर टाका. ज्याचं आधी उघडन त्याचं!” पासवर्डचा कागद हातोहात फिरला.

संकेत दारामागे धावला. बाराही मशीनच्या इंटरनेटचं येणंजाणं तिथल्या एका जुन्या कॉम्प्युटरमधून व्हायचं. त्यावर लिनक्स टाकून त्याने त्याचाच राउटर केला होता आणि गावभर मिरवलाही होता. आता इंटरनेटवरून येणारा माहितीचा प्रत्येक तुकडा, प्रत्येक पॅकेट, प्रोसेसरला हाक मारत होतं, आणि हाकेला ओ देण्यातच त्याचा जीव जात होता. पॅकेट पुढे पाठवणार कधी?

“काहून अटकलं जी?” पुनारामने विचारलं.

“सगळे मिळून रिफ्रेश मारून राह्यले ना, काकाजी! थोडं थांबा तं!”

“हौ, थांबतो,” म्हणत पुनारामने पुन्हा रिफ्रेश मारलं.

संकेतने सेटिंग बदललं. आता हाक एक, पण पॅकेटांचा गठ्ठाच उचलायचा. प्रोसेसरला जरा उसंत मिळाली. मग हुरूप येऊन त्याने पॅकेटांची रांग लांबवली आणि तिथे घोटाळा झाला. पॅकेट हरवेनाशी झाली, पण रांगेतच म्हातारी व्हायला लागली. चार पन्नास! त्याने घाईघाईने रांग पुन्हा आखूड केली. मग त्याला सुचलं, एक नंबरच्या मशीनला आधी वाट द्यायची, बाकीचे राहू देत मागे. आम्रपालीला त्याने स्वतः एक नंबरवर गादीच्या खुर्चीत बसवलं होतं.

त्याने एंटर दाबलं.

“उघडलं वो!”

आवाज आत्याचा होता. गादीच्या खुर्चीत शेवंताबाई, आणि आम्रपाली पार सात नंबरवर.

“तू तिथं काहून गेली?” संकेत किंचाळला.

“आत्या उभी होती, दादा. मी कशी बसून राहू?”

अंतर दहा पावलांचं. पण उघडलेलं पान बघायला सगळेच धावले आणि मधल्या बोळीत सतरा नातेवाईक अडकले. “पोरीले येऊ द्या!” असं प्रत्येक जण दुसऱ्याला सांगत होता, हलत कोणीच नव्हतं. या गर्दीला संकेतकडे कुठलंच सेटिंग नव्हतं.

“आत्या, हिरवं बटन दाब!” आम्रपाली रडकुंडीला आली होती. चार सत्तावन्न.

“मी तं केव्हाचंच दाबलं,” आत्या म्हणाली. “ते विचारून राह्यलं होतं, पक्का करें? मी म्हटलं, कर बापा.”

आम्रपाली कशीबशी तिथवर पोचली. यादीत सगळ्यात वर जबलपूर, खाली ‘लॉक’. आत्याच्या गळ्यात पडून ती ढसाढसा रडली. पुनारामनेही डोळे पुसले.

“पर एका मशीनचा काय भरोसा?” तो म्हणाला. “चला रे, सगळे आपापल्या मशीनवर पाहून घ्या, पक्कं झालं का नाही!”

बारा खुर्च्या सरकल्या. संकेत दारामागे गेला, जुन्या कॉम्प्युटरची वायर उपटली आणि खिशात घातली.

“लाइट गेली, काकाजी.”

डोक्यावर चारही पंखे गरगरत होते. पुनारामने एकवार वर पाहिलं.

“हौ, आपल्या बालाघाटात हेच तं आहे,” तो उसासा टाकून म्हणाला, आणि एकोणीस माणसं घरी निघाली.